दंताळ्याची गाठ

दिवाळीच्या सुमारास मंगूबेनच्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, तेव्हा कच्छच्या छोट्या रणात तिचं कारण शोधायला कुणी लांब गेलं नाही. मिठाच्या आगरात दंताळं ओढायचं तर दांडा छातीला टेकणारच. तळहातांना घट्टे पडतात, तसा इथेही पडला असेल. थोरली जाऊ पुरीबेन म्हणाली, "पावसाळ्यात काम सुटलं की बसते गं आपोआप." तोवर गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं. मिठाला तिथे काय तोटा! शेकून शेकून कातडी काळवंडली आणि बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली.

चैत्रात फिरत्या दवाखान्याच्या नर्सने ती चाचपली आणि तिचा चेहराच उतरला. तिने सुरेंद्रनगरला सोनोग्राफीसाठी धाडलं. मीठ पिकायला आलेलं, नवऱ्याला आगर सोडता येईना, म्हणून सोबत पुरीबेन आली.

सुया टोचतील, कापतील, या धास्तीने मंगूने रस्ताभर भाकरीला हात लावला नव्हता. तसलं काहीच झालं नाही. पोलकं काढायला लावून तिला उताणी झोपवलं, अंगावर चादर घातली आणि डावा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला.

"गार लागेल हं, मंगूबेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं फिरवून बघणार आहे. दुखलं तर सांगा."

छातीवर गार, बुळबुळीत मलम पडलं आणि त्यावरून यंत्राचं बोथट टोक फिरू लागलं. दुखत नव्हतं. मंगूला इतकं हायसं वाटलं की तिला बोलावंसं वाटू लागलं.

"दंताळ्याची आहे, बाई. मीठ उचलून झालं की जाईल ना?"

बाई पडद्याकडेच बघत राहिल्या. टोक पुन्हापुन्हा एकाच जागी येऊन थांबत होतं. मग उजवी बाजू पाहून झाली आणि टोक डाव्या काखेत शिरलं.

"तिथे कशाला? तिथे दांडा लागत नाही."

"म्हणूनच बघतेय," बाई हळूच म्हणाल्या. "इथेही गाठी आहेत. दंताळ्याने असं होत नाही, बेन. सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, पण मला हे चांगलं दिसत नाही. कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

बाईंनी कागदाने मलम पुसून काढलं. 'तेव्हाच का नाही आलीस' असं काही त्या बोलल्या नाहीत. मंगूला मात्र तेच ऐकू येत राहिलं.

बाहेर पुरीबेन ताकाची बाटली धरून उभी होती. "काय म्हणाली? दंताळ्याचीच ना?"

"नाही. काखेतही गेलीय." मंगूचा आवाज चढला. थोरल्या जावेशी ती आजवर अशी बोलली नव्हती. "तुमच्या नादाने एवढे महिने मिठाने शेकत बसले मी. मेले तर पोरांना काय सांगाल?"

पुरीबेनने ताकाची बाटली खाली ठेवली.

"दंताळ्याने होतच नाही म्हणाली?" पुरीबेनने विचारलं.

"होतच नाही."

पुरीबेनने मंगूचा हात धरून ओढणीखाली आपल्या छातीवर नेला. तिथे दगडासारखं काहीतरी होतं.

"दोन पावसाळे गेले, बसली नाही," ती म्हणाली. "तुझी तरी बसेल, असं वाटलं होतं."