फुलेवाडी ते बिंदू चौक, सायकलनं

मोटरसायकलवरून ऑफिसला पोचणारा माणूस सोबत फक्त धूळ घेऊन येतो. सायकलवाला किस्सा घेऊन येतो. कारण साधं आहे. सायकलवाल्याला कुणीही हाक मारू शकतं, आणि कोल्हापुरात हाक मारायची संधी कुणी सोडत नाही.

आम्ही तिघं रोज सकाळी फुलेवाडी नाक्यावर अर्धा अर्धा चहा मारून निघतो. रंकाळ्याच्या कडेनं, गंगावेशीवरून, बिंदू चौकापर्यंत. मी विमा कंपनीतला. पाटील अण्णा एका कापड दुकानात हिशेब बघतात. घरची शेती आणि दोन म्हशी असलेला हा माणूस डॉक्टरांच्या नव्हे, स्वतःच्या हट्टानं सायकल चालवतो. तिसऱ्या सुनंदाताई कांबळे, सरकारी कचेरीत लिपिक. नाक्यावर आल्या की त्या 'जयभीम' म्हणतात, अण्णा 'रामराम' म्हणतात, आणि मग दोघं मिळून माझ्या उशिरा येण्यावर तोंडसुख घेतात.

*

मी सायकल सुरू केली त्या आठवड्यात ऑफिसात बातमी पसरली की मला शुगर निघाली. धडधाकट माणूस, दारात गाडी असताना उगाच कशाला पायडल मारेल? मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. आमच्या हेडक्लार्क बाईंनी प्रेमानं समजावलं, "सुरवातीला सगळी असंच म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी टेबलावर कारल्याचा रस आला. त्यानंतर कुणाच्याही वाढदिवसाचे पेढे माझ्यापर्यंत पोचले नाहीत. बॉक्स शेजारच्या टेबलावरून वळसा घालून पुढं जातो आणि वाटणारा माझ्याकडं बघून हळहळतो. या माणसांवर रागवायचं तरी कसं? ती माझा जीव वाचवत आहेत.

*

अण्णांची गोष्ट याहून वरताण. एकदा रंकाळ्यावर समोरून असा वारा सुटला की सायकल जागची हलेना. अण्णा दात-ओठ खात रेटत होते. तेवढ्यात मागून बुलेटवरचा एक गडी आला, काही न विचारता अण्णांच्या कॅरिअरला पाय लावला आणि ढकलायला सुरवात केली. आपल्याकडं बंद पडलेल्या गाडीला असा पाय लावायची रीतच आहे. अण्णांनी मान वळवून सांगायचा प्रयत्न केला की नको बाबा, मी हौसेनं चालवतोय. गड्याला वाटलं, मामा आभार मानतायत. त्यानं स्पीड वाढवला.

गंगावेस गेली, अण्णांचं दुकान गेलं. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मालकांनी आपला हिशेबनीस भरधाव पुढं जाताना बघितला. बिंदू चौकात गड्याचा पाय निघाला, तेव्हा अण्णांचे हात हँडलला चिकटून बसले होते.

"पेट्रोल टाकून घ्या आता," असं सांगून गडी निघून गेला.

अण्णा अजून म्हणतात, या गावात मदत मिळवायला कष्ट पडत नाहीत, नाकारायला पडतात. हसून हसून आमची वाट लागते, पण मला त्या गड्याचं कौतुकही वाटतं. एवढ्या घाईच्या रस्त्यावर त्याला एक दमलेला माणूस दिसला, हे काय थोडं झालं?

*

माझ्या ऑफिसच्या इमारतीत नवीन वॉचमन आला. त्यानं सायकल आत घ्यायला नकार दिला. नियम असा की नंबर असलेलीच गाडी पार्किंगमध्ये लावायची. मी वाद घातला, वरच्या साहेबांचं नाव घेतलं, काही उपयोग झाला नाही. अण्णांना हे कळल्यावर ते माझी सायकल ओळखीच्या पेंटरकडं घेऊन गेले आणि मागच्या मडगार्डवर झोकदार अक्षरांत एक नंबर टाकून आणला. कुठला नंबर, तर त्यांच्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा.

वॉचमननं तो वाचला आणि सलाम ठोकून फाटक उघडलं.

*

सुनंदाताई मात्र किस्से सांगत नाहीत, ऐकतात. त्यांचं बालपण कबनूरला गेलं. वडील यंत्रमागावर कामाला. त्यांना जेवणाचा डबा पोचवायला त्या वडिलांच्याच सायकलवर, दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल शिकल्या. डबा वेळेवर पोचला की वडील माग सोडून दारापर्यंत यायचे. ते सांगताना ताईंचा चेहरा बदलतो.

त्यांचा मुलगा प्रशांत कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत इंजिनिअर आहे. पोरगा गुणाचा. पहिल्या बोनसमधून त्यानं आईला स्कुटी आणली. ती कव्हर घालून दारात उभी आहे. ताई रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकतात आणि सायकल काढतात.

इथवर ठीक होतं. मग प्रशांतसाठी स्थळं बघायला सुरवात झाली. त्यानं आईच्या हातापाया पडून सांगितलं, जमेपर्यंत तरी सायकल बंद ठेव. ताई आठवडाभर वडापनं गेल्या. शेअर रिक्षात चौघींच्या मध्ये दबून बसलेल्या ताई आम्हाला ओलांडून जायच्या तेव्हा ओळखू यायच्या नाहीत. ऑफिसातल्या बायका त्यांना विचारायला लागल्या, बरं नाही का? सोमवारी त्या परत सायकलवर आल्या.

आणि महिन्याभरात एक स्थळ मोडलं. मुलीकडच्यांनी मध्यस्थाकडून निरोप पाठवला, पोराला एवढी नोकरी असून आईला सायकलवर हिंडायला लागतं, म्हणजे घरात काहीतरी पाणी मुरतंय. प्रशांत आईशी बोलेनासा झाला. भांडला असता तर बरं, असं ताई म्हणाल्या.

त्या दिवशी रंकाळ्याच्या कठड्याशी थांबून त्यांनी आम्हाला विचारलं, "सोडावी काय वो सायकल?"

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, पण पोराच्या लग्नाचा प्रश्न. आपण कोण सांगणार?

*

त्यानंतरची ही गोष्ट.

नाक्यावर चहा चालला होता. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, असे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडं आले. पहाटेच्या एसटीनं चंदगडहून आलो म्हणाले. "पावणं, जरा चौकशी करायची हाय. हितं कांबळे ऱ्हात्यात न्हवं? पोरगा कागलला इंजिनिअर हाय बगा."

स्थळाची चौकशी अशीच होते, नाक्यावर, तिऱ्हाइताकडं. अण्णांना चहाचा ठसका लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं आणि सायकल हातात धरून स्वतः पुढं झाल्या.

"ऱ्हात्यात की. पोरगा चांगला हाय. थोडा तापट हाय, पण व्यसन न्हाय."

"आणि पोराची आई?"

ताईंनी एक वाक्य फिरवलं असतं तर सगळं सोपं होतं. मला तर वाटलं, फिरवावं.

"बाई कामाला सायकलनं जाती," ताई म्हणाल्या. "पोराला आवडत न्हाय. परवा एक स्थळ त्यापायी मोडलं. पर ती सोडंल असं मला वाटत न्हाय."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि पिशवी काखेला मारली. काम झालं म्हणाले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, एवढ्या लांबून आलाय, घर तरी बघून जा.

"नगं. लेक माझी आयटीआयला शिकवती. ती म्हणाली, बाबा, पगार, घर, शेती, काय इचारू नगा. त्येंची आई खरंच सायकलनं कामाला जाती का, तेवढं डोळ्यांनी बघून या."

स्टँडकडं जाणारी बस येऊन थांबली. ते दोन पावलं गेले, वळले, आणि ताईंच्या हातातल्या सायकलीकडं बघून हात जोडले.

"येतो, विहीणबाई."