ओरडणारं की गप्प राहणारं

दाजींच्या स्कूटरचा आवाज मला गल्लीच्या तोंडाशीच कळायचा. हातातलं काम टाकून मी कॉम्प्युटर बंद करायला धावायची. बंद करून काय होणार होतं म्हणा. दाजी आत यायचे, पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "चालू करा बरं मशीन. नवीन गेम आणलाय." आणि पिशवीतून फ्लॉपी निघायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीला ज्या ऑफिसात होते तिथं नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा मोडीत निघालेला जुना त्यांनी खटपट करून आमच्या जिंतूरच्या घरी आणून दिला. तेव्हापासून तो आमच्या घरात आणि त्यांच्या मालकीत होता. ते आले की बाबा खुर्चीतून उठायचे. तहसील कचेरीत उभी हयात काढलेला माणूस, साहेबासाठीही इतक्या लगबगीनं उठला नसेल. हातांची खुर्ची घरात एकच, ती कॉम्प्युटरसमोर. दाजी तिच्यात बसायचे आणि मी मागे उभी राहून पडद्यावर नजर ठेवायची.

कारण त्या मशीनमध्ये सरांचा प्रबंध होता. सर आमच्या गावच्या कॉलेजात शिकवायचे. येलदरीच्या धरणात गेलेल्या गावांतल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी जमवून त्यांनी तो लिहिला होता आणि टाइप करायला माझ्या हवाली केला होता. दुरुस्त्या ते शेजारी स्टुलावर बसून थेट पडद्यावरच करून घ्यायचे. नामांतर होऊन विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्याला फार दिवस झाले नव्हते. सर म्हणाले होते, "पहिलं पान सगळ्यात शेवटी टाइप करू. त्या नावासाठीच थांबलो होतो." त्यांच्या घरानं त्या नावासाठी काय काय सोसलं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. ते स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत.

बाबांचंही माझ्यापाशी एक बोलणं झालं होतं. हे काम नीट पार पडलं तर घरी बसून टायपिंग करत राहा, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात करतो. माझ्याआधी ताई टायपिंग शिकली होती. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी. परीक्षा पास झाली, कचेरीत तात्पुरती लागलीसुद्धा. लग्नानंतर दाजी म्हणाले, "कशाला?" आणि विषय संपला. कुणी काही बोललं नाही, तीही बोलली नाही.

तर मशीन अडखळायला लागलं. फाइल उघडायला उगाच वेळ घ्यायचं, मधेच पडदा गोठायचा. आधी मी वीज मंडळाला शिव्या घातल्या, कारण येलदरीची वीज उशाशी असूनही आमच्याकडे दिवा फडफडतच जळायचा. मग लक्षात आलं, दाजी येऊन गेले की दुखणं वाढतं. त्यांच्या ऑफिसातल्या फ्लॉप्या दहा मशीनांचं पाणी पिऊन यायच्या. व्हायरस हा शब्द मी मासिकात वाचला होता. मी बाबांना सांगितलं, की दाजींच्या फ्लॉप्या बंद करायला हव्यात. बाबा म्हणाले, "जावयाला टोकायचं न्हाई. त्यांनीच आणून दिलंय ना ते?"

मी एसटीनं परभणी गाठली. मशीन बसवून देणाऱ्याचं स्टेशनजवळ दुकान होतं. त्याच्याकडे व्हायरस मारणारी दोन सॉफ्टवेअर होती. एक आपण सांगू तेव्हाच तपासणारं. काम झालं की मुकाट बंद होणारं. दुसरं मशीन सुरू झाल्यापासून राखणीला बसणारं. खराब फ्लॉपीतलं काही चालू करायला गेलं की तिथंच अडवायचं, लाल चौकट दाखवायचं आणि कर्कश्श ओरडायचं.

"हेच घ्या," तो दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला.

"पाहुण्यांसमोर पण ओरडतं का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, राखणीला कुत्रं पायजे म्हणता, अन् भुंकू नये म्हणता. कसं जमायचं?"

आमच्या घरात भुंकायचं कुणापुढे हा प्रश्न होता. रस्ताभर मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत आले. पण पिशवीत होतं ते गप्प राहणारंच. दाजी गेले की दार लावून मशीन तपासायचं, असं मी ठरवलं होतं. घरात शांतता राहील, प्रबंधही राहील.

थोडे दिवस तसं चाललं. दाजी खेळून जायचे, मी मागून झाडून काढायची. पण जीव थाऱ्यावर नव्हता. जेवता जेवता उठायची, फाइल उघडून बघायची, पुन्हा पानावर येऊन बसायची. आई म्हणायची, "काय गं सारखं उठ-बस करायलीस?"

मग एका रविवारी दाजींच्या गेममधली मोटार रस्त्यातच थांबली. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणाले, "जुनं झालंय आता," आणि जेवायला बसले. ते गेल्यावर मी तपासलं. गप्प राहणाऱ्यानं व्हायरस शोधला आणि इमानदारीत मारलाही. पण प्रबंधाची शेवटची प्रकरणं उघडली तर नुसती चिन्हांची रांगोळी. फ्लॉपीवर उतरवून ठेवलेली नक्कल होती, ती सरांच्या दुरुस्त्यांच्या आधीची.

सरांना सांगताना मला रडू आलं. "वाट बघायची सवय हाय आमाला," ते म्हणाले. "पण या वेळी मुदत हाय. बसू पुन्हा." आणि स्टूल ओढून बसले. ते एखादा शब्द लावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. मला दाजींचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मुकाट सॉफ्टवेअरचा आला.

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा परभणीला गेले. दुकानदार काही विचारायच्या आधीच म्हटलं, "भुंकणारं द्या."

घरात कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर दाजी आले ते ताईला घेऊन. ताई स्वैपाकघरात आईला पोळ्यांना हात द्यायला गेली. बाबा खुर्चीतून उठले. दाजींनी फ्लॉपी घातली, बटणं दाबली, आणि मशीन असं किंचाळलं की बाबांच्या हातातला पेपर खाली पडला. पडदाभर लाल चौकट. दाजींनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"हे काय बसवलंय?" दाजी माझ्याकडे वळले.

मी लाल चौकटीकडे बोट दाखवलं. "फ्लॉपी खराब हाय, दाजी. ते घेत न्हाई."

दाजींनी बाबांकडे पाहिलं. बाबा पेपर गोळा करत म्हणाले, "मशीनच नको म्हणायलंय, जावईबापू. त्याला आपण काय करणार?" दाजी हसले. "मशीनला काय अक्कल," म्हणाले आणि फ्लॉपी पिशवीत टाकून बाबांबरोबर बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. पाऊसपाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मी घाईघाईनं एकेक प्रकरण उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं, सरांनी पुन्हा बसून करून घेतलेल्या दुरुस्त्यांसकट. मग मी पहिलं पान टाइप करायला घेतलं.

ताई दारात आली होती. हात पिठाचे. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती कधी त्या खुर्चीत बसत नसे. मी उठले तर बसली. पडद्यावर विद्यापीठाचं नवं नाव अर्धं उमटलं होतं. पदराला हात पुसून तिनं उरलेलं नाव टाइप केलं, बोटांकडे न बघता, एकही चूक न करता.

"मघाशी ते ओरडलं ना," ती ओट्याकडे बघत हळूच म्हणाली, "त्याला कुणी काही बोललं न्हाई, बघ."

मग उठली आणि दाजींसाठी चहा ठेवायला आत गेली.