चौसिंग्याकडे पाठ

नवेगाव बांधच्या जंगलात मी रोजंदारीवर गाईड होतो. एके दिवशी आमच्या वनाधिकाऱ्याने बोलावून सांगितलं, "अमेरिकेतला पाहुणा येऊन राहिला. त्याले चौसिंगा पाहाचा हाय, पायी फिरून. दाखवला तं तुही कामाची ऑर्डर सहा महिने पुढं. नाही तं तुहं तू पाह्य."

पाहुणा मूळचा नागपूरचा, तीस वर्षं तिकडे. तिथल्या डोंगरांत तो रानमेंढ्यांची शिकार करायचा, सरकारी परवाना काढून आणि भाड्याचा गाईड घेऊन. गाईड आठ दिवस पुढे चालतो, दुर्बिणीने मेंढा हुडकतो, शिंगांवरची वळं मोजून वय सांगतो, वाऱ्याची दिशा बघतो, ओझंही वाहतो. पाहुणेसाहेब चाप ओढतात. "फार पेशन्स लागतो," ते म्हणाले. कोणाला, हे मी विचारलं नाही. ऑर्डरचा प्रश्न होता.

चौसिंगा, म्हणजे चार शिंगांचा हरणासारखा बुटका प्राणी, मोठा लाजरा. पण त्याची एक खोड आहे, लेंड्या टाकायला तो ठरलेल्या जागीच येतो. आपल्या गावातल्या कित्येकांपेक्षा शिस्तीचा प्राणी. म्हणून आम्ही त्याच्यामागे रानोमाळ भटकत नाही, लेंड्यांचा ढीग शोधतो आणि वाऱ्याची बाजू सांभाळून बसतो. साहेबांना हे फारच कमीपणाचं वाटलं.

"इथे बसायचं? शेणापाशी?"

"लेंड्या आहेत साहेब," मी म्हटलं. त्याआधी त्यांना नाल्यावर नेऊन मान धुवायला लावली होती, कारण त्यांच्या सेंटने मलाच शिंका येत होत्या.

दीड तासाने नर आला. चारही शिंगं मोजता यावीत इतका जवळ. साहेबांनी माझा हात घट्ट दाबला, डोळे ओले झाले त्यांचे. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला माणूस आवडला.

मग त्यांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला, चौसिंग्याकडे पाठ केली, एक गुडघा जमिनीला टेकला, छाती काढली आणि कुजबुजले, "काढ."

मेलेला मेंढा फोटोसाठी थांबतो. साहेबांना त्याचीच सवय. मी बटण दाबेपर्यंत मागचं झुडूप हलत होतं.

ऑफिसात आल्यावर त्यांनी अभिप्रायाच्या पुस्तकात लिहिलं, 'चौसिंगा दिसला नाही.'

"साहेब, तुम्ही माझा हात दाबला होता," मी म्हणालो.

"अरे, फोटोत कुठे आहे?" ते अगदी प्रेमाने म्हणाले. "शिंगं भिंतीवर लागली नाहीत तर आमच्याकडे मेंढा मिळाला असं धरत नाहीत."

वनाधिकाऱ्याने कॅमेरा घेऊन फोटो पाहिला. साहेबांचे दात, आणि मागे झुडपात शिरणाऱ्या चौसिंग्याचा तपकिरी पार्श्वभाग, स्पष्ट. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मस्त आला, सर."

पाहुण्याची गाडी कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर तो माझ्याकडे वळला. "मले दिसलं बे. पण पाहुण्यानं लिहून देल्लं, आता मी काय करू? उद्यापासून येऊ नको." मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "त्याच्या खाली गाईडची सही लागते. मुकाट्यानं केली तं पुढच्या मोसमात पाहू."

मला भयंकर राग आला होता. दोन पावलं मागे सरून मी दारापर्यंत गेलोही. मग परत आलो आणि 'दिसला नाही'च्या खाली, नीट, पूर्ण नावाने सही केली.