एकाच कार्डात सगळं

लातूरच्या डाळमिलींच्या गल्लीत बसून मी गावोगावच्या ॲपसाठी असं एक कार्ड बनवलं, की अख्खी दुनिया त्यात मावावी. वर फोटो, खाली नाव, गोल कोपरे, हलकी सावली. एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही चालायचे. वाढदिवस त्यातच, मयतही त्यातच. मजकूर तेवढा बदलायचा, असं मी छाती फुगवून सांगायचो.

मग उमरीचे माझे काका वारले. गावाच्या ॲपवर त्यांचं कार्ड आलं, आणि खाली मी काढायला विसरलेलं बटण: ‘अभिनंदन’. मयतीला हजेरी लावायचीच, ही आमची रीत. दुसरं बटण नव्हतं, म्हणून गावानं तेच दाबलं. गावात जिवंत आहेत त्याहून जास्त लोकांनी दाबलं असेल.

दहाव्याला गेलो, तर त्यांची सून फोनवर बटण दाबणाऱ्यांची नावं वाचत होती आणि निरक्षर काकू ऐकत होत्या.

“काकू, चुकीचं बटण हाय ते. काढून टाकतो.”

“मग ही नावं जातील का?”

“हाव.”

“तर ऱ्हाऊ दे. लई माणसं आली. तुझंच नाव न्हाई आलं अजून.”

मी फोन काढला आणि काकांच्या फोटोखाली अभिनंदन दाबलं.