बसला आणि बसणार

भोंग्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा पटकन आठवायचं नाही. एरवी तो खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचा. निवडणूक आली की रजा टाकायची, उघड्या गाडीवर कर्णा बांधायचा आणि आठ-आठ तास पक्षाच्या नावाने ओरडायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा शिरस्ता. तोही फुकट. घसा बसला की कोमट पाणी प्यायचं आणि पुन्हा गाडीवर चढायचं.

यंदा त्याचा उमेदवार निवडून आला, आणि अकराव्या दिवशी, ज्यांना शिव्या घालून निवडून आला होता त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसला. भोंग्याने ते टीव्हीवर पाहिलं आणि हातातला घास हातातच राहिला. पुढे आठवडाभर तो तोंडातून ब्र काढेना. घरातल्यांना प्रथमच कळलं, की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, खड्ड्यात गेला तो पक्ष. आवाज आहे ना अजून? तो कुणाच्या तरी कामी येऊ दे. चौकातल्या अंधांच्या कारखान्यात वाचून दाखवायला माणूस हवाय म्हणे."

राजकारणात तोंड पोळलं की माणसं समाजसेवेकडे वळतात. वळू देत, त्यात वाईट काही नाही. पण तिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही, गेल्या गेल्या कोरी पाटी हातात मिळेल, असं त्यांना का वाटतं कोण जाणे. भोंग्यालाही तसंच वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून, परोपकाराने तुडुंब भरून तो निघाला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. वेत भिजत घातलेली टाकी, उलटे ठेवलेले खुर्च्यांचे सांगाडे, आणि खाली मांडी घालून विणणारी अकरा माणसं. व्यवस्थापक बाईंनी त्याला स्टूल दिलं आणि प्रवासवर्णनाचं एक पुस्तक हातात ठेवलं. भोंगा खाकरला, आणि बावीस वर्षांची सवय तोंडातून निसटली.

"बंधू आणि भगिनींनो!"

बावीसच्या बावीस हात थांबले.

"तूच का रे तो?" खिडकीजवळून एक बाई बोलली. तिला सगळे मावशी म्हणायचे. "चौकात वाजणारा सिग्नल बसला, बसला म्हणून या खिडकीखाली कोण कोकलत होतं?"

भोंग्याला सगळं लख्ख आठवत होतं. प्रचाराच्या कागदावर 'बसणार' लिहिलं होतं. उमेदवार म्हणाला होता, "बसणार म्हटलं की लोक हसतात रे. तू आपलं बसला म्हण. खांब तर उभा आहेच." खांब होता, त्यावर रस्ता मोकळा झाला की पी-पी वाजणारं यंत्र नव्हतं. भोंगा जरासा चाचरला होता, आणि मग दिवसभर 'बसला' ओरडला होता.

"मी बसणारच म्हटलं होतं, मावशी," तो म्हणाला. "तुमच्या ऐकण्यात काहीतरी..."

खोलीभर हसू फुटलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

"आमच्या ऐकण्यात?" मावशी म्हणाली. "अरे, खोटं तरी धड बोल. आणि बसला की! माझा नवरा बसला. घरात."

तिने मग सांगितलं, तेही एखादं बिल वाचून दाखवावं तसं. नवराही इथेच विणायचा. सिग्नल बसला हे ऐकून तो एकटाच चौकात गेला, खांबाला हात लावून वाट बघत उभा राहिला. रिव्हर्समध्ये मागे येणारा एक टेम्पो पी-पी वाजला. त्याला वाटलं, हाच तो सिग्नल. त्याने पाऊल टाकलं, दुसऱ्या गाडीचा धक्का लागून पडला आणि उजवा हात चाकाखाली गेला.

"माझं चुकलं," भोंगा म्हणाला. "मी रोज येईन. म्हणाल ते वाचेन."

"वा! म्हणजे कान आमचे आणि पुण्य तुझं? जा इथून."

"मावशी, माणूस फुकट यायला तयार आहे," व्यवस्थापक बाई मध्ये पडल्या.

"तेव्हाही फुकटच ओरडत होता," मावशी म्हणाली आणि वेत ओढून घेतला. "खोटं जिथे बोललास, तिथे जाऊन खरं बोल. वाचायचं मग बघू."

कर्णा भाड्याने देणाऱ्याने पक्षाला घाबरून हात वर केले. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेपाचला, कारखाना सुटायच्या वेळेला, भोंगा नुसत्या गळ्यावर खांबाखाली उभा राहिला.

"सिग्नल बसलेला नाही! मी खोटं बोललो होतो!"

दुकानदार बाहेर आले. पक्षाचा एक जुना कार्यकर्ता स्कूटर थांबवून म्हणाला, "ज्या पक्षाने तुला मोठं केलं त्याच्यावरच उलटलास?"

"पक्षाने मला खोकला दिला फक्त," भोंगा म्हणाला.

"चौकात दिसलास तर तंगडं मोडीन."

"मोड. रोज साडेपाचला इथेच असतो."

तेवढ्यात कारखान्यातली माणसं पांढऱ्या काठ्या टेकत कडेला आली. भोंग्याने दोन्हीकडे नीट पाहिलं. "थांबा!" तो ओरडला. गाड्या गेल्या, रस्ता मोकळा झाला. "आता चला!"

एकानेही पाऊल उचललं नाही. सगळे स्वतःच्या कानांनी रस्ता ऐकत राहिले, आणि त्यांची खात्री पटल्यावर पलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. स्कूटरवाल्याने तंगडं मोडलं नाही, फक्त जाता-येता थुंकायचा. भोंगा साडेपाचला दुकानातून पळत यायचा, थांबा-चला ओरडायचा आणि घरी जाऊन कोमट पाणी प्यायचा. पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही.

विसाव्या दिवशी मावशीबरोबर तिचा नवरा आला. त्याचा उजवा हात खिशात होता. भोंग्याने त्या दिवशी तीन-तीनदा दोन्हीकडे पाहिलं. लांबवर एक सायकलसुद्धा नव्हती.

"चला!" तो ओरडला.

नवऱ्याने पाऊल उचललं. मावशीने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

"अगं, चला म्हणतोय ना तो. आवाज तोच आहे."

"तोच आहे," मावशी म्हणाली. "म्हणून तर थांबलेय."