आणखी दोनदा

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. मासिकांचे नवे अंक आले की त्यांवर शिक्का मारून रॅकवर लावणं हे माझं काम. त्यामुळे या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी इतरांच्या आधी वाचतो आणि, खरं सांगायचं तर, प्रत्येकात खोट काढतो. ताप असेल, झोप अपुरी झाली असेल, सांगता सांगता भर पडली असेल... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरी हे लिहितो आहे. लिहायला चार रविवार लागले.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सोबत्याची, सुखदेवची, आई गेली. ती होती तोवर मला एक सबब होती, की हे छापलं तर म्हातारीला उगाच त्रास होईल. आता ती सबब उरली नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही दहा-बारा जणांनी नागपुरात एक गिर्यारोहण मंडळ काढलं होतं. नागपुरात डोंगर कुठे, म्हणून लोक हसायचे. काटोल नाक्याच्या पुढे एक बंद पडलेली दगडखाण होती. तिची काळ्या दगडाची सरळ भिंत चाळीसेक फूट खोल, आणि काठावर एक जुनं कडुनिंबाचं झाड. त्या झाडाला दोर बांधून आम्ही दर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, उतरायचा सराव करायचो. माझं चढणं-उतरणं बेताचंच होतं. पण मला इंग्रजी येत होतं आणि माझ्याकडे दोर-गाठींची एक इंग्रजी पुस्तिका होती. तेवढ्यावर मी मंडळात ‘प्रोफेसर’ झालो होतो.

हे नाव सुखदेवनं ठेवलेलं. तो इंदोऱ्याला, कामगारवस्तीत राहायचा, कापड गिरणीत कामाला होता. तुटलेला धागा दिसायच्या आत जोडण्यात त्याची बोटं तयार झाली होती. डावखुरा होता. माझ्याच वयाचा, पण तो मला ‘तुम्ही’ म्हणायचा आणि मी त्याला ‘तू’. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ज्या गाठीची ही गोष्ट आहे ती आधी सांगतो. मुख्य दोरापेक्षा बारीक अशा दोरीचं एक बंद कडं करायचं. ते मुख्य दोराभोवती गुंडाळून स्वतःमधूनच ओवायचं, असं काही वेळा करायचं, आणि कड्याचं टोक कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं. भार नसला की ही गाठ हातानं दोरावर वरखाली सरकते. भार पडला की दोराला आवळून धरते. उतरताना हात सुटला तर माणूस त्या गाठीवर लटकून राहतो. इंग्रजीत तिला प्रुसिक म्हणतात. सुखदेवनं पहिल्यांदा बांधून पाहिली तेव्हा म्हणाला, “अरे, ही तं घोरपड आहे जी!” मंडळात तेच नाव पडलं.

पुस्तिकेतल्या गाठींची कृती मी मराठीत उतरवली, सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना वाटली. घोरपडीखाली मी लिहिलं होतं, ‘कडे दोराभोवती दोनदा ओवावे.’ त्या कागदाचा मला फार अभिमान होता.

आमचा पहिला दोर अंबाडीचा, खरखरीत होता. त्यावर दोन फेऱ्यांची गाठ धरायची. मग कुणीतरी कलकत्त्याहून नायलॉनचा नवा दोर आणला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, कौतुकाचा. पहिल्याच रविवारी सुखदेवनं तो कडुनिंबाच्या खालच्या फांदीला बांधला, त्यावर घोरपड बांधली आणि तिला लोंबकळला. गाठ वीतभर घसरली. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा घसरली.

“प्रोफेसर, सरकून राहिली जी. दोन फेरे कमी पडून राहिले. अजून एक घ्या ना.”

“पुस्तकात दोनच आहेत,” मी म्हणालो.

“पुस्तकाले नायलॉन मालूम आहे काय पण?”

सगळे हसले. आमच्यात कुंदाताई नावाच्या शाळामास्तरीण होत्या. त्या तर तोंडावर पदर धरून हसल्या. “बोला आता, प्रोफेसर!” कुणीतरी म्हणालं. मस्करीच होती ती. पण माझे कान तापले.

मी म्हणालो, “पुस्तकात काय आहे ते कळायला इंग्रजी यावं लागतं, सुखदेव. ते काही गिरणीत धागे जोडण्याइतकं सोपं नसतं.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्या वाक्याच्या आत आणखी काय होतं, मी धंतोलीतल्या कुठल्या पांढरपेशा घरातून आलो होतो आणि तो कुठून, हे तिथल्या प्रत्येकाला ऐकू आलं.  सुखदेव फांदीवरची गाठ सोडत राहिला. मग म्हणाला, “बरं जी. मंग एक करू. दोन असो का तीन, खाली जायच्या आधी फेरे दुसऱ्यानं मोजाव आन् मोठ्यानं सांगाव. गिरणीत आमी मशीन सुरू करायच्या आधी आवाज देतो, तसं.”

ती पद्धत मंडळात रुजली. उतरणाऱ्याच्या गाठीवर बोट ठेवून दुसरा मोजायचा आणि ओरडायचा, “दोन!” सुखदेव स्वतः उतरताना मोजणारा ओरडायचा, “तीन!” दरवेळी मी दुसरीकडे बघायचो.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी पुस्तिका उघडली. इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ होता: कडे दोराभोवती ओवा, आणि मग आणखी दोनदा. म्हणजे तीन. ‘आणखी’ हा शब्द मी भाषांतरात गाळला होता.

एका शब्दाची चूक. दुसऱ्या रविवारी, “मंडळी, चुकलं माझं,” एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सुखदेव हसला असता आणि तिथेच सगळं मिटलं असतं. पण धाग्यांबद्दलचं ते वाक्य बोलून बसल्यावर मला ते म्हणता येईना. एक रविवार गेला, मग दुसरा... आणि पुढे तर, इतके दिवस का गप्प होतास, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

पाऊसकाळ संपता संपता सुखदेवला कावीळ झाली. धंतोलीतल्याच एका दवाखान्यात त्याला ठेवलं होतं, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी तिसऱ्या आठवड्यात गेलो. आई उशाशी बसून त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. डोळे हळदीसारखे झालेले. मला बघून तो उठायला लागला.

“पडून राह्य ना गा, पोरा,” आई म्हणाली. मग मला म्हणाली, “रोज तुमचं नाव काढते, बाबू. म्हणे, प्रोफेसर काहून नाही आले?”

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, “प्रोफेसर, राग नका मानू. तो कागद एक वार पुस्तकाशी मिळवून पाहाल काय? नवीन पोरंपोरी येऊन राहिले मंडळात. मले इथं पडल्या पडल्या तेच दिसते, गाठ सरकून राहिली म्हणून.”

पुस्तिका त्या वेळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

मी म्हणालो, “पाहिला मिळवून. बरोबर आहे.”

“असं काय?” त्यानं छताकडे पाहिलं. “मंग मीच चुकलो असन.”

पाचव्या दिवशी तो गेला. घाटावर बौद्ध रीतीनं त्रिशरण म्हटलं गेलं तेव्हा मी सगळ्यात मागे उभा होतो. आईनं मला बोलावून पुढे घेतलं.

आता अनुभव.

तो गेल्यावर चार महिन्यांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मंडळात सात-आठ नवे सभासद आले होते. दोरीनं उतरून दाखवणारा आता मीच उरलो होतो. सकाळचे साडेआठ वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं, वारा नव्हता. मी नायलॉनच्या दोरावर घोरपड बांधली. फेरे दोनच घेतले. तीन घ्यावेत असं हाताला वाटत होतं, पण सगळ्यांच्या हातात माझाच कागद होता. कुंदाताईंनी गाठीवर बोट ठेवून मोजलं. गाठीच्या मधोमध दोरीचा एक आडवा पट्टा येतो; त्याच्या वर दोन वळी, खाली दोन.

“दोन!” त्या ओरडल्या. नव्या पोरींपैकी एकीनं ते वहीत टिपून घेतलेलंही मी पाहिलं.

मी उतरू लागलो. दहा-बारा फूट गेलो असेन, पायाखालचा दगड सुटला. मी भिंतीवर खांद्यानं आपटलो आणि दोन्ही हात दोरावरून निघाले. भार गाठीवर पडला, आणि ती घसरायला लागली. मी तिच्यासोबत खाली चाललो होतो. जळक्या नायलॉनचा वास आला. त्या वेळी देव आठवला नाही, घरचं कुणी आठवलं नाही. फक्त एक शब्द मनात आला, ‘आणखी’.

मग गाठ थांबली. हिसका बसला नाही. गिरणीतला पट्टा वीज गेल्यावर थांबतो तशी, हळूहळू.

मी लटकलो होतो. गाठ माझ्या डोळ्यांसमोर, हातभर वर होती. पट्ट्याच्या वर तीन वळी होती. खाली तीन.

मी पुन्हा मोजली. बोट लावून मोजली.

आणखी एक होतं. या गाठीचा मधला पट्टा किंचित तिरपा बसतो. मी बांधलेल्या गाठीत तो उजवीकडे झुकतो. मी शेकडो वेळा पाहिलं आहे. हा डावीकडे झुकलेला होता. मंडळात असा पट्टा फक्त एकाच माणसाच्या गाठीला यायचा, कारण डावखुरा एकच होता.

काठावर पालथ्या पडून कुंदाताई खाली वाकल्या होत्या. “लागलं काय हो?” मग त्यांची नजर गाठीवर गेली. “अहो... तीन? मी तर दोन मोजले होते!”

इथवरचं सगळं माझ्या हातातलं नव्हतं. यापुढचं मात्र मी केलं. भिंतीत पाय रोवला, भार काढला, अंगठ्यानं पट्टा ढकलून गाठ सैल केली, उरलेलं अंतर उतरलो, आणि दुसऱ्या कुणी बघायच्या आत ती गाठ सोडून टाकली.  मला भीती भुताची वाटत नव्हती. कुणी विचारेल, हा डाव्या हाताचा तिसरा फेरा कुठून आला, आणि मग कागदाचं सगळं बाहेर येईल, याची वाटत होती.

वर आल्यावर सगळे भोवती जमले. “वा प्रोफेसर! तीन घेतले म्हणून वाचले तुम्ही.” कुंदाताई पुन्हा म्हणाल्या, “पण मी दोन मोजले होते ना.” त्यांचा चेहरा उतरला होता.

मी म्हणालो, “चुकलं असेल तुमचं मोजायला.”

ओठांतून ते बाहेर पडलं तेव्हा मला दवाखान्यातलं छत दिसलं.

कुंदाताईंनी त्या दिवसानंतर कुणाची गाठ मोजली नाही. “माझ्या नजरेचा भरवसा नाही राहिला जी,” म्हणायच्या. पुढे त्यांनी येणंच सोडलं. मी सगळे जुने कागद, शाई पुसट झाली आहे असं सांगून, परत घेतले आणि नवे वाटले. त्यात ‘एकदा ओवावे, आणि मग आणखी दोनदा’ असं आहे. कागद का बदलला ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी सुखदेवच्या आईकडे जात राहिलो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. ती चहा करायची, म्हणायची, “माह्या पोराले तुमचा लय अभिमान होता, बाबू.” मी चहा पिऊन परत यायचो. गेल्या महिन्यात खांदा दिला तेव्हाही ते माझ्या पोटातच होतं.

मी विचार करून पाहिला आहे. माझ्या हातांनी नकळत तिसरा फेरा घेतला असेल, असं म्हणावं तर कुंदाताईंनी मोजल्यावर मी गाठ फक्त हातानं खाली सरकवत नेली होती, सोडून पुन्हा बांधली नव्हती, आणि भार पडलेल्या गाठीत नवा फेरा घालता येत नाही. भीतीनं मला तीन दिसले असतील, तर मग त्यांनाही ते कसे दिसले? आणि तो पट्टा... उजव्या हातानं तसा पट्टा पाडायचा मी घरी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मुद्दाम लक्ष देऊन, उलटं उलटं करत गेलो तर कसाबसा जमतो. घाईत जमत नाही.

कुंदाताई आता कुठे असतात मला ठाऊक नाही. बदली होऊन अमरावतीकडे गेल्या असं ऐकलं होतं. हा अंक त्यांच्या शाळेतही येत असेल.

कुंदाताई, तुमची नजर चांगली होती. तुम्ही बरोबर मोजलं होतं, मी दोनच घेतले होते. सुखदेवही बरोबर होता, आणि हे मला तो जिवंत असताना माहीत होतं. तिसऱ्या फेऱ्याचं मात्र मला काही सांगता येत नाही.