बयाबाईचं हिरवं बटण

दिवाळे गावच्या मासळी बाजारात बत्तीस वर्षं बसणाऱ्या बयाबाईला संशय घ्यायला कारण लागत नसे. पाचशेची नोट ती उन्हात धरून दोनदा बघायची. सुनेनं कालवणाची तारीफ केली, तरी हिला काय हवंय आता, असं तिच्या मनात यायचं. अशा बाईची वेबसाइट करायला घेणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

तो खेळ मनस्वीनं केला. ती सीवूड्सला राहायची आणि छोट्या धंदेवाल्यांना मोबाइलवर उघडणारी पानं करून द्यायची. स्टेशनजवळ काचेचं, थंडगार मासळीचं दुकान निघालं आणि बयाबाईची गिऱ्हाइकं रोडावली, तेव्हा कुठे ती कबूल झाली. मोबदला एवढाच की वर्षभर दर रविवारी मनस्वीला मासळी.

मनस्वी आधी दोन दिवस बाजारात नुसती बसून राहिली. "मासे बगत नाय, मानसांचे हात बगतेय," बयाबाई शेजारच्या बर्फवाल्या शिवरामच्या कानात पुटपुटली. "खिसेकापू पन असंच बगतात."

मनस्वीनं पाहिलं ते असं. गिऱ्हाइकाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, मोकळा फक्त अंगठा. वरून ऊन, त्यात बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून तिनं पान केलं साधंच. आजच्या टोपलीचा एक फोटो, काय आलंय ते ठळक अक्षरांत, आणि खाली अंगठ्याला सहज सापडेल असं मोठं हिरवं बटण. दाबलं की फोन थेट बयाबाईला.

बयाबाईला वाचता येत नव्हतं, पण आपला नंबर ती चेहऱ्यानं ओळखायची. शेवटी दोन आठ शेजारी शेजारी. पानावर ते आठ कुठेच नव्हते.

"माजा नंबर कुटं हाय?"

"बटणाच्या आत आहे, मावशी. लोकांना आकडे टाइप करायला नको."

आत आहे म्हटल्यावर बयाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

तीन आठवडे झाले. एक फोन येईल तर शपथ. त्यातच वैशालीताई यायच्या बंद झाल्या. बेलापूरच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. टोपली उघडली की मांदेलीचा पहिला वाटा त्यांच्या नावानं ओल्या गोणपाटाखाली बाजूला पडायचा; कितीही मागणी असो, तो दुसऱ्याला विकायचा नाही, हा बयाबाईचा नेम. आता दुपारपर्यंत तो वाटा तसाच राहायचा. घरी नेऊन तळला तरी तिच्या घशाखाली उतरत नसे. वैशालीताईंचा फोन लावून बघितला, तर नंबर बंद. धंदा बसला असता तर तिनं शिव्या घालून निभावलं असतं. पण ताई दुरावल्या, हे तिला फार लागलं होतं. मग तिनं हिशेब जुळवला. पोरीनं बटणात काचेवाल्याचा नंबर घातलाय, आणि ताईंना तिकडे वळवलंय.

रविवारी मनस्वी पिशवी घेऊन आली, तेव्हा सापळा तयार होता. शिवराम हाकेच्या अंतरावर बसायचा, म्हणून त्याचा नंबर बयाबाईनं कधी घेतलाच नव्हता. तिनं त्याला पान उघडायला लावलं. "दाब रं!"

शिवरामनं बटण दाबलं, कान लावला. "रिंग जातेय."

बयाबाईनं कमरेच्या बटव्यातून आपला फोन काढून कानाशी धरला. फोन मुका. "जातेय ना? मंग वाजतेय कोनाच्या घरात? चोरटी! माजी मानसं इकलीस तू!"

अख्खा बाजार बघायला लागला. मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मावशी, शिव्या नंतर द्या. आधी तुमचा फोन द्या."

फोन द्यायचा? बयाबाईनं तो गच्च धरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढे केला.

मनस्वीनं दोन ठिकाणी बोट लावलं. "ओळखीचा नंबर नसेल तर वाजायचं नाही, असं कोणी करून ठेवलंय?"

बयाबाईला आठवलं. गेल्या वर्षी बँकेच्या नावानं खोटे फोन यायला लागले, तेव्हा तिनंच रिचार्जवाल्याच्या डोक्यावर उभं राहून ते करून घेतलं होतं. मग फोन गप्प झाला, आणि आपण कसं सगळ्यांना फसवलं म्हणून ती खूश होती.

"एक्केचाळीस फोन येऊन गेलेत, मावशी. हा एकच नंबर अकरा वेळा."

मनस्वीनं ती सोय बंद केली आणि तोच नंबर लावला, स्पीकरवर. पलीकडून वैशालीताईंचा आवाज आला. "बयाबाई? उचलत का नव्हता हो? पाय मोडून घरात पडलेय. फोनही त्याच पडण्यात फुटला, सगळे नंबर गेले; हा नवा नंबर घेतलाय. तुमचं ते पान सापडलं म्हणून रोज बटण दाबतेय. वाटलं, बयाबाईंनी मला तोडलं."

गोणपाटाखालचा वाटा काढून बयाबाईनं पिशवीत भरला आणि मनस्वीच्या हातात दिला. "ताईंना पोचव, बाय. आनि मी बोलले ते..."

तेवढ्यात मनस्वीनं परत दिलेला फोन बयाबाईच्या हातात खणखणला. अनोळखी नंबर. सगळा बाजार कान देऊन होता. "मॅडम, आपल्याला क्रेडिट कार्ड..."

बयाबाईनं पदरानं डोळे पुसले. "कार्ड नको, भाऊ. ताजी मांदेली हाय. घेतोस काय?"